एका बटणासाठी गाडी कोण काढतं?

आमच्या आत्याकडे राग पाहुणा म्हणून येत नाही, तो घरचाच आहे. सकाळी तिच्याबरोबर उठतो, तिच्याबरोबर चहा घेतो आणि साडेनऊला दुकानाचं शटर वर ढकलताना तिच्याआधी आत शिरतो. शटरला ती "मेल्या, तेल पाजलंय ना काल तुला?" असं विचारते आणि शटर मुकाट वर जातं.

दुकान बटणांचं. आठ फूट रुंद, वीस फूट खोल, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण. प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूला आतलं एक बटण दोऱ्याने शिवलेलं, म्हणजे नाव लिहायला नको. शिवाय चेन, हुक, इलॅस्टिक, रिळं, लेस, अस्तर, सुया. बारा बटणांचं पान घ्यायची सक्ती नाही, एक हवं तर एक मिळेल. अठ्ठाविसाव्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने हे दुकान टाकलं, त्याला एकोणतीस वर्षं झाली. आत्या अंधारात हात घालूनही बरोबर खण उघडते. गिऱ्हाइकाला मात्र ती सहजासहजी सोडत नाही.

"शर्टाचं बटण हवंय. पांढरं."

"दोन भोकांचं की चार?"

"पाहिलं नाही."

"रोज सकाळी स्वतःच्या हाताने लावता आणि पाहिलं नाही? बायकोचा चेहरा तरी आठवतो का?"

माणूस ओशाळून हसतो, आत्या त्याच्या शर्टाच्या बाहीकडे एक नजर टाकते आणि नेमकं तेच बटण काढून देते. तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. बोलणी खायला येतो की काय, कोण जाणे.

दुकानासमोरच बसचा थांबा होता. रस्त्यापलीकडे वसाहत, शाळा आणि दवाखाना. रस्ता ओलांडायला वीस पावलं. वसाहतीतली माणसं वीस पावलं चालून अलीकडे यायची, बसची वाट बघायची आणि वाट बघता बघता आत्याच्या पायरीवर चढायची. कोणी शोकेसला टेकायचं, कोणी पिशवी ठेवायचं, कोणी पायरीवर बसून चपलेतला खडा काढायचं. आत्याच्या डोक्यात तिडीक जायची. तिने पाटी लावली होती: "पायरीवर बसू नये. उभे राहू नये. टेकू नये. वेळ विचारू नये." शेवटची ओळ नंतर वाढवलेली, वेगळ्या रंगात.

"हे काय माझं दुकान आहे की धर्मशाळा?" ती ओरडायची. "ज्यांना घ्यायचं नाही ते फुटा इथून! घेणाऱ्यांना दिसू दे की माल!"

आता बाजाराच्या अध्यक्षांकडे वळू. हे फर्निचरच्या शोरूमचे मालक. सगळा बाजार त्यांना पाठीमागे "सोफासेट" म्हणतो, कारण ते एकटे असले तरी तिघांची जागा अडवतात. बाजारात एकतीस दुकानं. दुकानदारांच्या मंडळाची बैठक नेहमी सोफासेटच्या शोरूममध्ये, विक्रीच्या सोफ्यांवर. सोफ्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नसतं, त्यामुळे कोणी जरा हललं की कर्रर्र आवाज होतो आणि बोलणारा गप्प बसतो. सोफासेट तेवढे लाकडी खुर्चीवर बसतात. त्यांना कोणीच अडवत नाही.

"हे बघा मंडळी," ते गळ्यातून हवा काढत म्हणतात, "गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, चालतं. दोन, गाडीतलं. चालत येतं ते बघून जातं. गाडीतून येतं ते घेऊन जातं. आपल्याला ॲक्सेस पाहिजे. ॲक्सेस!"

कोणाला ॲक्सेस म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण तो आपल्याकडे नाही आणि असायला पाहिजे, एवढं सगळ्यांना पटलं. रस्ता रुंद करा, गाड्या लावायला जागा द्या, थांब्याची गर्दी हटवा, असा पालिकेकडे अर्ज करायचं ठरलं. अक्षर कोणाचं चांगलं? आत्याचं. थांबा कोणाच्या डोळ्यांत सलतो? आत्याच्या. तिने तिथल्या तिथे काचेच्या टीपॉयवर अर्ज लिहून काढला: "सदर थांब्यावरील रिकामटेकड्या गर्दीमुळे आमच्या व्यवसायास अडथळा होत असून..." रिकामटेकड्या हा शब्द तिचा स्वतःचा. खाली पहिली सही तिची. मग कर्रर्र, कर्रर्र करत तीस जण उठले आणि तीस सह्या झाल्या.

अर्जांवर वर्षानुवर्षं धूळ साचते म्हणतात. या अर्जाला पाय फुटले. आठ महिन्यांत फूटपाथ अर्धा कापला, रस्ता दुप्पट झाला, दुकानांसमोर गाड्यांसाठी पांढऱ्या रेघा आल्या. थांबा उचलून पुढच्या चौकात नेला. आणि जे कोणी मागितलंच नव्हतं तेही आलं: रस्त्याच्या मधोमध छातीएवढं उंच लोखंडी रेलिंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उंदीर जाईल एवढीही फट न ठेवता. आता पलीकडून अलीकडे यायचं तर चौकापर्यंत सहाशे पावलं, सिग्नल, आणि सहाशे पावलं परत.

पहिल्या दिवशी आत्या खूश होती. पायरी मोकळी, शोकेस चकाचक, समोरून गाड्या सुळसुळ जातायत. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज जरा शांत आहे." पंधराव्या दिवशी तिने सगळे खण पुसले. महिन्याने पुन्हा पुसले. माल बघायला आता काही अडचण नव्हती, पण बघणारंच कोणी नव्हतं. गाड्या जात होत्या खऱ्या, पण साठच्या वेगाने जाणाऱ्याला बटण दिसतं होय?

तिच्या डोक्यात खरा उजेड पडला तो शिलाईवाल्या वहिनींमुळे. वहिनी पलीकडच्या वसाहतीत राहतात, शाळेचे गणवेश शिवतात, वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. एका दुपारी त्या पलीकडच्या फूटपाथवर उभ्या राहून हात हलवायला लागल्या.

"ओ ताई! चेन! निळी! आठ इंची!"

"या की!"

"गुडघा बघा माझा! चौकापर्यंत कोण जातं? फेका!"

आत्याने चेन कागदात गुंडाळली, रबर लावलं आणि नेम धरून फेकली. ती रेलिंगच्या अलीकडेच एका टेम्पोच्या ताडपत्रीवर पडली आणि टेम्पो निघून गेला. ती चेन आता कुठल्या गावी आहे, देव जाणे. वहिनींनी कपाळावर हात मारला आणि ओरडून सांगितलं, "राहू दे ताई! आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाने नवीन दुकान टाकलंय! त्याच्याकडे बघते!"

आत्या आत येऊन स्टुलावर बसली. फडकं घेऊन पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसायला लागली.

मग एकदम भडकली. "बस यायला सात मिनिटं लागतात! सात मिनिटं माणूस उभा राहून काय करतो? स्वतःकडे बघतो! शर्टाचं बटण लोंबतंय, चेन अडकतेय, बाहीचा हुक गेलाय, हे त्याला तेव्हाच दिसतं. मग समोर बघतो तर माझं दुकान! ती रिकामटेकडी गर्दी नव्हती, तेच माझं गिऱ्हाईक होतं! मीच हाकलत होते आणि मीच लिहून दिलं!" आणि हातातल्या फडक्याने तिने काउंटरवर असा फटका मारला की बटणांचा एक खण आपोआप उघडला.

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. माणूस आयुष्यात सोफा घेतो दोनदा, फार तर तीनदा. त्यासाठी तो गाडी काढेल, टेम्पोही सांगेल. एका बटणासाठी गाडी कोण काढतं? बाजारातल्या एकतीस दुकानांपैकी सोफ्याचं एक. बाकी किल्लीवाला, भांडीवाली, घड्याळवाला, वह्यापुस्तकांवाला, चपला शिवणारा, सगळे जाता-जाता आठवणाऱ्या गोष्टी विकणारे. एका माणसाच्या सोयीसाठी तीस जणांनी स्वतःच्या दारावर कुंपण घालून घेतलं, तेही सह्या करून. आणि गाड्या लावायच्या त्या पांढऱ्या रेघांमध्ये सकाळी नऊपासून कोणाच्या गाड्या? दुकानदारांच्याच. सगळ्यात पुढे सोफासेटची.

दुकान भाड्याचं. करार महिनाअखेर संपत होता. घरमालक हा अगदी हळू आवाजाचा माणूस, प्रत्येक वाक्य "मी काय म्हणतो" ने सुरू करतो आणि स्वतःला हवं तेच म्हणतो. "मी काय म्हणतो ताई, एटीएमवाले विचारत होते. तुमचं काय ते तीस तारखेपर्यंत सांगा. नाहीतर किल्ली."

बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, सुस्कारा सोडला. बाबा आत्यासमोर बोलत नाहीत, सुस्कारतात. "ताई, दे ना किल्ली. किती दिवस खण पुसणार? बस आमच्याकडे येऊन निवांत."

"निवांत बसायला मी काय भिंतीवरची पाल आहे?" आत्या म्हणाली. "आधी रस्ता उघडतो का ते बघते. उघडला तर दुकान ठेवीन. नाही उघडला तर किल्ली देईन. पण त्या सोफासेटच्या ॲक्सेसपायी नाही देणार!"

तिने दुसरा अर्ज लिहिला: जुन्या जागी रेलिंगमध्ये वाट द्या, थांबा परत आणा. आणि सह्या गोळा करायला निघाली. पहिल्या वेळी सह्या करताना कोणाचा हात थरथरला नव्हता, आता प्रत्येकाच्या हाताला काहीतरी झालं होतं.

घड्याळवाला म्हणाला, "ताई, माझा पाठिंबा आहे हो, मनापासून आहे. फक्त कागदावर नको."

वह्यापुस्तकांवाला म्हणाला, "अध्यक्षांनी आमच्या समोरचा दिवा लावून दिला. कसं बरं दिसेल?"

"दिव्याखाली गिऱ्हाईक दिसतंय का?"

"नाही दिसत."

"मग काय स्वतःचं तोंड बघता त्या उजेडात?"

चपला शिवणाऱ्याने तर "माझं पेन संपलंय" असं सांगितलं, आणि आत्याने पेन पुढे केलं तेव्हा "माझी सहीच बदललीय" म्हणाला. एकूण सह्या तीन: आत्याची, किल्लीवाल्याची आणि भांडीवाल्या काकूंची. या काकूंना सगळे भोंगा म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांनी दुकानात "बरं" म्हटलं तरी पातेल्यांची झाकणं वाजतात. त्यांनी सही करताना सांगितलं, "माझं नाव मोठ्ठं लिही गं, बारीक अक्षर मला जमत नाही."

पालिकेच्या कार्यालयाचं उत्तर आलं: अकरा तारखेला अकरा वाजता जागेची पाहणी करण्यात येईल, मंडळाच्या अध्यक्षांनी उपस्थित राहावे.

अकरा तारखेला अख्खा बाजार दाराबाहेर उभा. साहेब येणार, साहेब येणार. सोफासेट साहेबांना आणायला स्वतःची गाडी घेऊन गेले होते. आत्याने नवी चप्पल घातली होती आणि मनात बोलायचं सगळं पाठ केलं होतं. सव्वाअकराला गाडी आली. पलीकडच्या बाजूने.

शहराकडून येणारी गाडी पलीकडच्याच बाजूला येते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अलीकडे यायचं तर चौकात जाऊन वळायचं, आणि चौकात पाइपलाइनचं खोदकाम सुरू, गाड्यांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत. इंजिनियरसाहेब पलीकडेच उतरले. बारीक अंगकाठी, हातात फाइल, बोलणं असं की जणू सगळं आपोआप घडतं, कोणी करतच नाही. सोफासेट त्यांच्या शेजारी उभे राहून हात पसरून दाखवू लागले. बहुतेक ॲक्सेस दाखवत होते.

"अहो, इकडे या!" आत्या ओरडली.

साहेबांनी घड्याळ दाखवलं.

मधून बस गेली. डंपर गेला. तोंडं हलताना दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. साहेब फाइलीत लिहायला लागले. तीस दुकानदार रेलिंगच्या अलीकडे, त्यांचं नशीब ठरवणारे दोघं पलीकडे, आणि मध्ये त्यांनीच मागून घेतलेला रुंद रस्ता.

"काय म्हणतोय तो?" किल्लीवाल्याने विचारलं.

भोंगाकाकूंनी तोंडाभोवती हात धरले. "काय लिहिताय हो साहेब?"

पलीकडच्या दवाखान्यातून दोन माणसं बाहेर येऊन बघू लागली. साहेब दचकले. सोफासेटनी "सगळं ठीक आहे" अशी खूण केली.

"ठीक आहे?" आत्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "ठीक आहे काय? कोणाचं ठीक आहे?" आणि ती चालायला लागली. चौकाकडे. सत्तावन्न वर्षांची बाई, नवी चप्पल चावतेय, उजवी टाच उचलून टाकतेय, आणि तोंड एक क्षण बंद नाही. मी मागे होते, सगळं ऐकलंय, सगळं इथे लिहिता येण्यासारखं नाही. सहाशे पावलं. सिग्नलला उभं राहून तिने सिग्नललाही सुनावलं. मग सहाशे पावलं परत. आम्ही पोचलो तेव्हा साहेबांचा एक पाय गाडीत होता.

आत्या गाडीच्या उघड्या दारासमोर उभी राहिली. धाप लागलेली, घामाघूम.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. "वीस पावलांना अकरा मिनिटं. तुमच्या फाइलीत लिहा."

"बाई, आपली तक्रार नोंदवण्यात आलेली आहे," साहेब म्हणाले. "परंतु मंडळाचाच पूर्वीचा अर्ज आहे. गर्दी हटवण्याची विनंती करण्यात आली होती. एकतीस सह्या आहेत."

"ते अक्षर माझं आहे."

सोफासेट हसले. "बघा साहेब, स्वतःच कबूल करतायत."

"करते ना! कबूलच करायला आले मी चालत! गाढवपणा केला. रिकामटेकडे म्हटलं मी लोकांना. त्या लोकांवर माझं दुकान चालत होतं आणि मला अक्कल नव्हती. आता आलीय. चुकीचा अर्ज तुम्ही आठ महिन्यांत मंजूर केलात, बरोबरचा करायला काय तुमची पेनं वाळलीत?"

साहेबांनी चष्मा पुसला. "हे आपलं वैयक्तिक मत झालं. मंडळाचं मत..."

"मंडळ माझ्याबरोबर आहे," सोफासेट म्हणाले. "नवीन अर्जावर सह्या किती? तीन!"

आत्याने सोफासेटकडे बघितलंच नाही. वळली, रेलिंगपलीकडे बघितलं आणि हाक मारली, "काकू! विचारा सगळ्यांना! वाट पाहिजे त्यांनी हात वर करा म्हणावं!"

भोंगाकाकूंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "ज्यांना वाट पाहिजे त्यांनी हात वर!" दवाखान्याच्या खिडक्या उघडल्या.

किल्लीवाल्याचा हात लगेच वर गेला. काकूंचे दोन्ही. बाकीचे उभे. घड्याळवाला घड्याळ बघतोय. वह्यापुस्तकांवाला दिव्याच्या खांबामागे. सोफासेट पलीकडून एकेकाच्या डोळ्यांत बघत होते, आणि ज्याच्याकडे बघतील तो मान खाली घालत होता. आत्याचा हात गाडीच्या दारावर घट्ट. तेवढ्यात मध्ये बस आली आणि सिग्नलच्या रांगेमुळे तिथेच थांबली. कोण कुठे आहे काही दिसेना. साहेब पुन्हा गाडीत बसायला निघाले.

"थांबा," आत्या म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलते हे मला तेव्हा कळलं.

बस हलली.

बसच्या आडोशाला काय झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. सोफासेट दिसेनासे झाल्याबरोबर घड्याळवाला म्हणाला, "कागद तर नाही ना? मग करतो." त्याचं बघून शेजारच्याने. मग एकेक करत सगळीकडून. बस गेली तेव्हा हात वरच होते, आणि आता खाली घेणं जास्त लाजिरवाणं होतं. साहेबांनी पेनाच्या टोकाने मोजले. तेवीस. तेविसावा हात सोफासेटच्या शोरूममधल्या सेल्समनचा. मालकाची नजर पडताच त्याने त्याच हाताने डोकं खाजवलं, पण मोजून झालं होतं.

साहेबांनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. "जुन्या जागी वाट व पादचारी पट्टे करण्यात येतील. थांब्याबाबत परिवहन खात्यास कळवण्यात येईल."

"कधी?"

"यथावकाश."

"यथावकाश म्हणजे सोमवार की मंगळवार?"

साहेब गाडीत बसले. सोफासेट अर्थातच गाडीने गेले, आत्याला कोणी बसवून घेतलं नाही. पुन्हा बाराशे पावलं. या वेळी ती चप्पल हातात घेऊन चालली आणि सोफासेटला एकही शिवी दिली नाही. सगळ्या त्या पहिल्या अर्जाला दिल्या.

सव्वीस तारखेला आदेशाची प्रत आली. तीस तारीख उजाडली तरी रेलिंग जसंच्या तसं. दुपारी घरमालक आले, दारात उभे राहिले.

"मी काय म्हणतो ताई, एटीएमवाले उद्या मापं घ्यायला येतायत."

"घेऊ देत. तुमच्या घरात घेऊ देत. मी दुकान ठेवतेय. तीन वर्षांचा कागद काढा."

बाबांनी या वेळी सुस्कारा अर्ध्यात सोडला आणि चक्क बोलले. "ताई, आदेश म्हणजे वाट नाही गं. अजून एक खिळासुद्धा निघालेला नाही. आणि थांबा नाहीच आला तर?"

"तर थांब्यासाठी वेगळी भांडेन. तेवीस हात वर झाले ते तू पाहिलेस? आठ फुटांच्या दुकानात एकटीने बसून मला वाटत होतं, मीच तेवढी मूर्ख आहे. बावीस अजून निघाले! आता मी काय घरी येऊन तुझ्या सोफ्यावर बसू? सोफ्याचं तर नावच काढू नकोस माझ्यासमोर!" तोवर कराराचा कागद बाहेर आला होता. तिने घरमालकाच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि सही केली. सही एवढी दाबून केली की खालच्या कोऱ्या पानावरही उमटली.

त्यानंतर ती दर मंगळवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून कार्यालयात जायला लागली. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहायची. "बसा" म्हटलं तर "बसायला नाही आले" म्हणायची. एकदा भोंगाकाकूंना घेऊन गेली, त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे लोक आपापल्या फाइली घेऊन खाली आले. असे चार मंगळवार गेले.

पाचव्या मंगळवारी सकाळी आत्या शटर ओढून निघणार, तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रॉली येऊन थांबली. दोन माणसं उतरली, एकाने लोखंड कापायचं यंत्र सुरू केलं आणि रेलिंगमधून ठिणग्या उडायला लागल्या. पलीकडे वसाहतीतली दहा-बारा माणसं आधीच येऊन उभी होती. आत्या रस्त्याच्या कडेपर्यंत तरातरा गेली, कमरेवर हात ठेवले आणि त्या यंत्रवाल्या बिचाऱ्यावर खेकसली.

"आता आलात? मी तुमच्या कार्यालयात यायला चप्पल घालून तयार झाले होते!"